सहाशे किलोमीटर, चाळीस तास: तयारीच्या नोंदी

सोमवार, १७ जून २०२४

गेल्या फेब्रुवारीत ६०० किलोमीटरची बीआरएम सायकल राइड मी कराडला, ४४० व्या किलोमीटरवर सोडली. पाय चालत होते, पण कोल्हापूरनंतर पोटात काही टिकत नव्हते आणि पुढच्या कंट्रोल पॉइंटची, म्हणजे वाटेतल्या ठरलेल्या तपासणीच्या ठिकाणाची, वेळ हातातून निघून गेली होती. पुढील जानेवारीत तोच मार्ग पुन्हा आहे. आजपासून सात महिन्यांची तयारी मी लिहून ठेवणार आहे, कारण मागच्या वेळी नेमके कुठे अडले हे सांगण्यासारखी एकही नोंद माझ्याकडे नव्हती.

ज्यांना या प्रकाराची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. बीआरएम म्हणजे ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत स्वतःच्या बळावर पूर्ण करायचे. ही शर्यत नाही, त्यामुळे क्रमांकही लागत नाहीत. ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या फ्रेंच संस्थेच्या नियमांनुसार जगभर आणि ऑडॅक्स इंडिया रँडोनर्सच्या देखरेखीखाली भारतात या राइड होतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास मिळतात. ही चारही अंतरे एकाच हंगामात, म्हणजे १ नोव्हेंबर ते पुढील ३१ ऑक्टोबर या काळात पूर्ण केली की ‘सुपर रँडोनर’ हा किताब मिळतो.

वय ४२, वजन ५८ किलो, राहणे साताऱ्यात, नोकरी शाळेत. सरावासाठी पहाटेचे दीड तास आणि रविवार एवढेच हाती आहे, त्यामुळे ते वाया जाता कामा नयेत.

आज मागच्या वर्षीच्या ४०० किलोमीटरच्या राइडची आकडेमोड केली. एकूण वेळ २६ तास २० मिनिटे लागला होता. त्यातील १९ तास ५० मिनिटे चाके फिरत होती आणि साडेसहा तास मी थांबलेली होते. हे साडेसहा तास मी आजवर कधी मोजलेच नव्हते. चहा, बाटल्या भरणे, मोबाईल चार्जिंगला लावणे, ढाब्यावर जेवण येईपर्यंत बसून राहणे यांत ते सांडले. चालण्याचा वेग ताशी २०.२ किलोमीटर होता. तीन तास केवळ वेग वाढवून वाचवायचे म्हटले, तर तो ताशी २३.८ वर न्यावा लागेल. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि तो तोडायला लागणारी ताकद घनाच्या पटीत, म्हणजे हवेशी झगडण्यासाठी दीडपटीहून अधिक ताकद रात्रभर लावावी लागेल. तेच तीन तास थांबे कमी करूनही मिळतात आणि त्यासाठी पायांवर कणभरही जास्तीचा भार पडत नाही.

अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जाणाऱ्या, सुमारे ४८०० किलोमीटरच्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’मध्ये सायकलपटू झोपला तरी घड्याळ चालूच राहते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ती २०१५ मध्ये दोघांच्या संघात, तर नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने पूर्ण केली. त्यांच्याविषयी वाचताना मी नेहमी वेगाकडे पाहत असे. आता वाचताना ते किती वेळ थांबले हे आधी शोधते.

रविवार, २३ जून

प्रगती मोजायला दोन चाचण्या ठरवल्या. पहिली सातारा–कोरेगाव–रहिमतपूर–सातारा या फेरीची. ती माझ्या मीटरवर ६२ किलोमीटर भरते. ही फेरी हृदयाचे ठोके मिनिटाला १३५ च्या वर जाऊ न देता करायची आणि किती वेळ लागला ते पाहायचे. दुसरी चाचणी यवतेश्वराच्या घाटाची. समर्थ मंदिराच्या चौकातून निघून बरोबर ५ किलोमीटरवर रस्त्याकडेला एक दगड आहे, तेथपर्यंत पूर्ण ताकदीने चढायचे.

आजचे आकडे: फेरी २ तास ५८ मिनिटे, घाट २९ मिनिटे १० सेकंद.

फेरीत दोनदा मागून आलेल्या सायकलस्वाराने मला ओलांडले आणि दोन्ही वेळा ठोके १४५ च्या पुढे गेल्यावरच मला भान आले. माझ्या सरावाची खोड इथेच आहे. मी रोज मध्यम जोरात चालवते. हळू म्हणावे इतके हळू नसते आणि जोरात म्हणावे इतके जोरातही नसते. घरी येईपर्यंत चांगले दमल्यासारखे वाटते, म्हणून काम झाले असे मी समजत आले.

मंगळवार, ९ जुलै

माउलींची पालखी सध्या जिल्ह्यातून जात असल्यामुळे लोणंद–फलटणकडचे रस्ते सोडून मी कराडच्या बाजूला वळले.

तीन आठवडे जवळजवळ सगळा सराव हळू चालला आहे. नॉर्वेत काम करणारे क्रीडाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी दमाच्या खेळांतील अव्वल खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास केला, तेव्हा त्यांची सुमारे ८० टक्के सत्रे हलक्या जोराची आणि उरलेली खरोखर कठीण असल्याचे आढळले. मधल्या पट्ट्यात, जिथे मी वर्षानुवर्षे सायकल चालवत होते, तिथे ते फारसे रेंगाळत नाहीत. कारण शरीराच्या कामात आहे. हलक्या जोरात तासन् तास चालवले की स्नायूंतील मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशींच्या चुली, संख्येने आणि क्षमतेने वाढतात, केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि चरबी जाळण्याची सवय लागते. स्नायू आणि यकृत मिळून साठवलेले ग्लायकोजेन धरले, तर त्यातून दोन हजार किलोकॅलरींच्या आसपासच ऊर्जा मिळते. ६०० किलोमीटरला त्याच्या कित्येक पट लागते. चरबीचा साठा मात्र सडपातळ माणसाकडेही भरपूर असतो. तो हलक्या जोरात वापरता यावा, एवढ्यासाठी हा सराव.

छातीला बांधायचा पट्टा कधी कधी ओल्या हवेत चुकीचे आकडे दाखवतो, म्हणून मी एक घरगुती कसोटी ठेवली आहे. एकोणतीसचा पाढा न अडखळता, मध्ये धाप न घेता म्हणता आला तर जोर योग्य आहे. ‘एकोणतीस साते’पाशी श्वास तुटला की गिअर हलका करायचा. वर्गातील मुलांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी मला तो पाढा उलटाही म्हणायला लावला.

रविवार, २८ जुलै

पावसाची झड. घाटात दहा फुटांपलीकडचे दिसत नव्हते आणि कठड्याच्या बाजूच्या डांबरावर शेवाळ धरले आहे. लाल दिवा चालू ठेवून, अंगात चमकपट्ट्यांचे जाकीट घालून चढले. उतार मात्र सायकल हाताने धरून पायी उतरले. धुक्यात, ओल्या उतारावर मिळणारा वेग मला कुठल्याच हिशेबात धरायचा नाही. मागचे ब्रेक पॅड महिन्यात झिजून संपले.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

ही नोंद सविस्तर लिहिते, कारण सात आठवड्यांच्या सरावानंतरही आकडे जवळजवळ जागेवरच आहेत, घाटाचा तर मागे गेला आहे. ११ तारखेच्या चाचणीत फेरीला २ तास ५७ मिनिटे आणि घाटाला २९ मिनिटे २५ सेकंद लागली. १४० किलोमीटरच्या राइडमध्ये पहिल्या निम्म्या भागात ठोके सरासरी १२८ होते, दुसऱ्या भागात त्याच वेगाला १४३. असा फरक थोडाफार पडतोच, विशेषतः उकाड्यात. पण पंधरा ठोक्यांचा फरक मोठा आहे. शाळेचा जिना चढतानाही धाप लागू लागली होती.

आणखी जोर लावावा असे आधी मनात आले. मग सगळा सराव थांबवून रक्त तपासले. हिमोग्लोबिन १०.६ आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारा आकडा, ९ निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा खाली असेल तर तो रक्तक्षय ठरतो. हृदयाने कितीही वेगाने रक्त ढकलले, तरी प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिनच कमी असेल तर स्नायूंपर्यंत पोहोचणार काय? मी दम वाढवू पाहत होते आणि दमाचा कच्चा मालच अंगात नव्हता.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. जेवणाला लागून चहा घेणे बंद केले, कारण चहातील टॅनिन लोह शोषू देत नाही. उलट लिंबू किंवा आवळा सोबत असेल तर ते चांगले शोषले जाते. दुसरी गोष्ट उपवासांची. या वर्षी श्रावण सोमवारपासूनच सुरू झाला आणि माझी लांब राइड रविवारी असते. रविवारी १४० किलोमीटर चालवून सोमवारी दिवसभर साबुदाण्यावर राहणे, म्हणजे शरीर ज्या दिवशी दुरुस्तीला बसते त्याच दिवशी त्याचे साहित्य अडवून धरणे. आईशी बोलले. तिने तिच्या पद्धतीने मार्ग काढला: “उपवास मी करते, तू दूध, दाणे, अंडी काय हवे ते खा.” सोमवारी आता घरात दोन पाने वेगवेगळी वाढली जातात.

लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्या बायकांनी सरावाच्या तक्त्याआधी हे दोन आकडे पाहावेत असे मला कळकळीने वाटते. आपल्याकडे थकवा हा बाईच्या रोजच्या दिवसाचाच भाग मानला जातो, आणि म्हणून तो तपासला जात नाही.

रविवार, १ सप्टेंबर

उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली पुढच्या बाजूला दुखते. पायऱ्या उतरताना जास्त.

सीट खाली गेली असावी असा संशय होता, तो खरा निघाला. पावसात सीटपोस्टची पकड ढिली होऊन ती थोडी थोडी घसरली होती. सीट बुटकी झाली की पॅडल वर येताना गुडघा अधिक दुमडतो आणि वाटीवर दाब वाढतो. भिंतीला खांदा टेकवून सायकलवर बसले, टाच पॅडलवर ठेवून ते अगदी खाली नेले. या स्थितीत पाय सरळ व्हायला हवा, माझा वाकलेला राहत होता. आठ मिलिमीटर वर घेतल्यावर तो सरळ झाला. मग सीटपोस्टवर बरोबर पकडीच्या कडेला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली. आता सीट खाली सरकली तर टेप चुरगळलेली दिसेल आणि अंदाज करत बसावे लागणार नाही. दोन आठवडे फक्त हलका गिअर आणि मिनिटाला ९० च्या आसपास पॅडल; जड गिअर दाबून चढणे बंद.

गुरुवार, १९ सप्टेंबर

गणपती उठले, गुडघा शांत आहे, गोळ्यांना महिना झाला. आजपासून आठवड्यातून एक दिवस कठीण सराव.

घाटात आठ आठ मिनिटांच्या चार चढाया, प्रत्येकीनंतर सावकाश उतरत विश्रांती. जोर असा की ठोके कमाल संख्येच्या ९० टक्क्यांच्या जवळ राहावेत. माझी कमाल संख्या १८० आहे, म्हणजे १६० ते १६५. पहिली चढाई सोपी वाटायला हवी आणि चौथी जेमतेम पुरी व्हायला हवी. आज तिसरीतच वेग पडला, याचा अर्थ पहिल्या दोन मी जास्त जोरात केल्या. सरळ बसून, कोपर सैल ठेवून, हँडलचा वरचा भाग नुसता धरून चढले की श्वासाला जागा मिळते. थकल्यावर माझे खांदे कानांकडे सरकतात आणि छाती आखडते, ते लक्षात ठेवले पाहिजे.

हा सराव शनिवार–रविवारी करता येत नाही. कासला फुले पाहायला जाणाऱ्या गाड्यांची रांग सध्या पार घाटाच्या पायथ्यापर्यंत असते.

रविवार, १३ ऑक्टोबर

काल दसऱ्याला सायकल धुऊन, चेन रॉकेलने साफ करून तिला हार घातला. आज चाचणी. फेरी २ तास ४७ मिनिटे, घाट २६ मिनिटे ५० सेकंद.

हेच १३५ ठोके, हीच सायकल, आणि अकरा मिनिटे कमी. गेल्या रविवारच्या १६० किलोमीटरमध्ये ठोके पहिल्या भागात १२७ आणि दुसऱ्या भागात १३१ होते. वाढलेला दम मला घाटातल्या वेळेपेक्षा या चार ठोक्यांच्या फरकात जास्त दिसतो, कारण ६०० किलोमीटरच्या राइडमध्ये महत्त्वाचा प्रश्न असतो की विसाव्या तासाला तुम्ही काय करू शकता.

रविवार, १७ नोव्हेंबर

काल २०० किलोमीटर १० तास २५ मिनिटांत पूर्ण केले. त्यात थांबे फक्त ५० मिनिटांचे. प्रत्येक थांब्याआधीच्या पाच किलोमीटरमध्ये काय काय करायचे ते मनात उजळून घेतले होते: कार्डवर शिक्का, दोन्ही बाटल्या, खाऊ खिशात, निघायचे. बसायचे नाही. उभ्याने केलेले काम सात मिनिटांत होते. तेच खुर्चीत बसून केले तर पंचवीस मिनिटे जातात. हिमोग्लोबिन १२.४ झाले आहे.

शनिवार, ३० नोव्हेंबर

पोटाचा सराव. हा शब्द मी विचार करूनच वापरते आहे, कारण आतडीसुद्धा सरावाने जास्त साखर शोषू लागतात. दीर्घ श्रमात ताशी ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत असे सांगतात. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकत्र असतील तर सराव असलेल्याला ९० पर्यंत जाता येते, कारण दोन्ही साखरा आतड्यात वेगवेगळ्या वाटांनी शोषल्या जातात. मागच्या वर्षी मी पहिले आठ तास गोड जेल आणि थंड पेये घेतली, मग त्यांच्या वासानेही मळमळू लागले, मग खाणे थांबले आणि चार तासांनी मी थांबले.

या वेळी ताशी ५० ग्रॅम, पण न चुकता, घड्याळात दर वीस मिनिटांनी गजर लावून. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम कर्बोदके असतात. खजूर, राजगिऱ्याचा लाडू आणि गुळपोळी हे बाकीचे. गुळपोळी आजीच्या काळापासून प्रवासाचे अन्न आहे हे आईचे म्हणणे मला पटते: ती चार दिवस टिकते, तिच्यात गूळ, तीळ आणि कणीक एकत्र येतात, आणि तूप लावले नाही तर खिशात तेलकटही होत नाही. अडचण एवढीच होती की नवीन पदार्थ राइडच्या दिवशी पहिल्यांदा खायचा नाही हा माझा नियम, आणि संक्रांतीआधी गुळपोळी करायची नाही हा आईचा. शेवटी सरावासाठी तिने केली. तव्यावरून उतरवलेली पोळी गार झाल्यावर सुरीने चार तुकडे करून, प्रत्येक तुकडा बटर पेपरात पुडीसारखा बांधला. पुडीचे टोक दातांनी ओढले की एका हाताने उघडते. आज १२० किलोमीटरमध्ये सहा तुकडे खाल्ले. पोट शांत.

पाण्यात एका बाटलीत ओआरएस, दुसरीत साधे पाणी. ओआरएसचे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, त्यात २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खे पाकीट टाकणे ही मागच्या वर्षीची आणखी एक चूक.

सोमवार, १६ डिसेंबर

शनिवारी सकाळी निघून रविवारी पहाटे ४०० किलोमीटर पूर्ण केले. २२ तास ३५ मिनिटे. चालती सायकल १८ तास ५५ मिनिटे, थांबे ३ तास ४० मिनिटे. मागच्या वर्षीपेक्षा पावणेचार तास कमी, आणि त्यातले फक्त ५५ मिनिटे वेगामुळे. बाकीचे सगळे न थांबल्याचे.

ऊसतोडीचा हंगाम भरात आहे. रात्री महामार्गावर ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन दोन ट्रॉल्या असतात, त्यांच्या मागे कित्येकदा लाल दिवा किंवा चमकपट्टी काहीच नसते, आणि उसाची मोळी बाहेर डोकावत असते. पुढचा दिवा वीस मीटरवर टाकण्यापेक्षा जरा लांब रोखला तर ती वेळेवर दिसते. रस्त्यावर सांडलेले ऊस चाकाखाली आले की सायकल काठीवरून घसरावी तशी घसरते. त्यात सातारा–कागल टप्प्यात सहापदरीकरण चालू असल्यामुळे जागोजागी वळणरस्ते आहेत. मी आणि आणखी दोन सायकलपटू रात्रभर एकमेकांच्या दिव्यांच्या अंतरात राहिलो. बाई म्हणून मला रात्रीची भीती वाटते का असे खूपजण विचारतात. मला भीती वाटते ती दिवा नसलेल्या ट्रॉलीची.

पहाटे तीन ते पाच झोपेचा सगळ्यात जड वेळ. एका पेट्रोल पंपाच्या ओट्यावर वीस मिनिटांचा गजर लावून पडले आणि उठल्यावर पुढचे दोन तास स्वच्छ गेले. झोप न घेण्याचा ‘सराव’ मी करणार नाही. झोपेचे कर्ज घेऊन राइडला जाण्यात काही शहाणपण नाही.

डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट ३०० नंतर बधिर झाले. तळव्याच्या त्या कडेतून जाणारी नस हँडलवर दाबली जाते. हँडलवर पट्टीचा दुसरा थर चढवला आणि दर दहा मिनिटांनी पकड बदलायची ठरवले.

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

शेवटची चाचणी: फेरी २ तास ३८ मिनिटे, घाट २५ मिनिटे १५ सेकंद. आता नवे काही कमवायचे नाही. पुढचे दोन आठवडे सरावाचे तास निम्म्यावर, कठीण सत्र मात्र आठवड्यातून एक, लहान स्वरूपात; त्यामुळे थकवा उतरतो आणि पायांतील धार राहते. टायर २८ मिलिमीटरचे नवे, चेन नवी, मागे ३२ दातांची कॅसेट. बीआरएमच्या नियमानुसार घरच्यांची मदत फक्त कंट्रोल पॉइंटवर घेता येते. मार्ग साताऱ्यावरून जातो, तेथे कंट्रोल नाही. म्हणून महामार्गावर डबा घेऊन उभे राहू नका असे घरी दोनदा बजावून सांगितले.

मंगळवार, २१ जानेवारी

शनिवारी १८ तारखेला सकाळी ६ वाजता पुण्याहून निघाले आणि रविवारी संध्याकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी परत पोहोचले. ६०० किलोमीटर, ३६ तास २५ मिनिटे. चालती सायकल २८ तास १५ मिनिटे, झोप ३ तास, इतर थांबे ५ तास १० मिनिटे.

नवा कात्रज बोगदा अंधारात ओलांडला, खंबाटकीचा घाट सकाळी थंडीत चढला. पुढे गेलेले सात–आठ जण दिसत होते, मी १३५ च्या वर गेले नाही. त्यांच्यातले चार जण दुपारी कराडच्या पुढे सावलीत बसलेले भेटले. कोल्हापूर २३० किलोमीटरवर, संध्याकाळी साडेपाचला. निपाणीच्या आसपास वाऱ्याने ताशी दोन–तीन किलोमीटर खाल्ले, तेव्हा वेगाचा आकडा मीटरवर झाकून फक्त ठोके दिसतील असे पान ठेवले. आकडा दिसत राहिला असता तर मी तो परत मिळवण्यासाठी जोर लावला असता. संकेश्वरपुढच्या वळणबिंदूवर रात्री साडेनऊला पोहोचले. तेथे मीठ घातलेला गरम वरण-भात खाल्ला, कारण पंधरा तास गोड खाल्ल्यावर तोंडाला दुसरी चव हवीच होती.

कोल्हापूरला परतताना रात्रीचे सव्वा वाजले होते. आधी ठरवून ठेवलेल्या खोलीत बूट काढून, कपडे न बदलता झोपले. साडेचारला गजर झाला, पावणेपाचला चाके फिरू लागली. मागच्या वर्षी याच खोलीच्या जिन्यावर मी ओकत बसले होते. या वेळी जिन्यातच उभी राहून गुळपोळीचा तुकडा खाल्ला.

कराडला पावणेनऊ. ज्या पुलाखालच्या टपरीवर मागच्या वर्षी सायकल टेकवून मी फोन केला होता, तिथून जाताना थांबले नाही. थांबावेसे वाटत होते.

साताऱ्याला दुपारचे बारा, ४९० किलोमीटर. उन्हात महामार्गाच्या पलीकडच्या सेवारस्त्यावर आई उभी होती. हातात डबा नव्हता. तिने पदर सावरत फक्त हात वर केला, मीही केला, आणि पुढे लिंब खिंडीच्या चढाला लागले. त्यानंतरचा एक तास संपूर्ण राइडमधला सगळ्यात हलका गेला. त्याचे स्पष्टीकरण माझ्या कुठल्याच आकड्यात नाही.

शेवटचे ११० किलोमीटर जड होते. पुण्याकडे येताना खंबाटकीला घाटाऐवजी बोगद्यातून यावे लागते, आणि तेथपर्यंतच्या चढावर वेग ताशी नऊवर आला. करंगळी बधिर होती, बसण्याच्या जागी साल निघाली होती, पण पोट शेवटपर्यंत साथीला होते. दर वीस मिनिटांचा गजर मी एकूण सहा वेळा चुकवला. सगळे सहा शेवटच्या पाच तासांतले, आणि त्याच तासांत वेग सर्वात कमी आहे.

रविवार, २ फेब्रुवारी

दोन आठवड्यांत फक्त हलकी सायकल. सकाळचे विश्रांतीतील ठोके राइडनंतर ६१ पर्यंत चढले होते, ते आज ५४ वर आले. करंगळीचे टोक अजून किंचित सुन्न आहे. पूर्ण बरी होईपर्यंत लांब राइड नाही. मागच्या टायरला काचेचा एक काप गेला आहे, तो बदलला. सीटपोस्टवरची काळी टेप सरळ आहे.

सुपर रँडोनरसाठी ३०० राहिले आहे. मार्चमध्ये ऊन वाढण्याआधी ते करायचे आहे. त्याआधी रक्ताची तपासणी पुन्हा, १० फेब्रुवारीला.